मालवणचा सागरतळ आणि सत्तावन श्वासांची शिदोरी

कोल्हापुराहून निघावे, फोंडाघाटाची वळणे उतरावीत, कणकवली मागे टाकून कसालच्या फाट्यास पश्चिमेकडे वळावे, म्हणजे माडांच्या दाटीतून जाणारा रस्ता प्रवाशास मालवणच्या बंदरावर आणून सोडतो. आगगाडीने येणाऱ्यास कुडाळ अथवा कणकवली ही स्थानके सोयीची पडतात. पेठेतील अरुंद रस्ता, दोहों बाजूंची कौलारू घरे, दुकानांतून मांडलेले खाजे, काजू व कोकमे, आणि या सर्वांवर पसरलेला समुद्राचा खारा वास, इतके ओलांडले की पडदा दूर व्हावा त्याप्रमाणे बंदर एकदम उघडे होते, आणि थोड्याच अंतरावर पाण्यात उभी असलेली सिंधुदुर्गाची काळी तटबंदी दृष्टीस पडते.

कुरटे बेटावरील या जलदुर्गाचा पाया श्रीशिवछत्रपतींनी इ. स. १६६४ च्या नोव्हेंबर महिन्यात घातला. पायाच्या दगडांत शिशाचा रस ओतला होता, ही हकीकत वाचकांच्या परिचयाची असेलच. परंतु किल्ल्यात हिंडताना आमचे मन तटाबुरुजांपेक्षा अधिक रमले ते तेथील तीन विहिरींपाशी. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशी त्यांची गोड नावे असून चहूंकडे खारा समुद्र असता त्यांचे पाणी मात्र गोड आहे. वेढा किती दिवस चालेल, आत माणसे किती असतील, त्यांस पाणी किती लागेल, याचा विचार केल्यावाचून कोणी शहाणा मनुष्य समुद्रात किल्ला बांधीत नाही. संकटकाळासाठी केलेला साठा संकटाच्या मापाचा असावा लागतो. हा विचार त्या दिवशी आमच्या मनात सहज आला आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा उपयोग करण्याचा प्रसंग आला.

पूर्वी मालवणास येणारा यात्रेकरू किल्ला पाहून, शिवराजेश्वराचे दर्शन घेऊन परतत असे. आता त्याला पाण्याखालचे मालवणही पाहावयाचे असते. किल्ल्याच्या भोवतालच्या खडकांवर प्रवाळांची वस्ती आहे, आणि तिच्या आश्रयाने नाना रंगांचे मासे राहतात. या भागाचे महत्त्व ओळखून सरकारने इ. स. १९८७ साली येथे सागरी अभयारण्य घोषित केले. जवळच तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने पाणबुडीचे रीतसर शिक्षण देणारी संस्था उभारली आहे. पावसाळा सरून पाणी निवळले की होड्या निघू लागतात, आणि ज्यांनी आयुष्यात नदीच्या डोहाखेरीज पाणी पाहिले नाही अशी देशावरची मंडळीही मोठ्या हौसेने समुद्रात उतरतात.

त्या उतरण्याची पद्धत अशी. होडी किल्ल्याच्या आसपास नांगरतात. हौशी मनुष्याच्या डोळ्यांवर व नाकावर काचेचा मुखवटा चढवितात, पाठीवर हवेचे सिलिंडर बांधतात, तोंडात रबरी तोटी देतात आणि नाकाने श्वास न घेता तोंडाने घ्यावयाचा सराव होडीच्या कडेलाच करवून घेतात. नंतर एक शिक्षित मालवणी तरुण त्याच्या पाठीशी राहून, सिलिंडरास हात न सोडता, त्यास हळूहळू खाली नेतो. पाणी दहा मीटरांच्या आतले, म्हणजे उथळच असते. पंधरा-वीस मिनिटांत मनुष्य वर येतो, तो काही क्षण बोलतच नाही. मग त्याचे बोलणे थांबवावे लागते! आमच्यासारख्या साठी उलटलेल्यांनी होडीत बसून हे कौतुक पाहावे, आणि वर येणाऱ्यांस टॉवेल द्यावा, हेच योग्य.

आमच्या होडीत पुण्याचे एक कुटुंब होते. त्यांचा वीस-बावीस वर्षांचा मुलगा पाण्यात उतरण्याच्या तयारीत असता आईने पिशवीतून एक पिवळे नळकांडे काढून त्याच्या हाती दिले. ते हातभराहूनही आखूड, मनगटापेक्षा थोडे जाड, आणि त्याच्या डोक्यावरच श्वास घेण्याची तोटी बसविलेली, असे होते. घरबसल्या मागवून खास या प्रवासासाठी ते घेतले होते. मोठे सिलिंडर दगा देईल तर यातील हवा कामास यावी, हा हेतू. आमच्या होडीचा पाणबुड्या ते पाहून हसला आणि नम्रपणे म्हणाला, "दादानू, ह्येच्या भरवशार पाण्यात उतरू नकात. मी आसंय मा संगती." माउली काहीशी हिरमुसली. आम्ही मास्तर आहोत हे गप्पांच्या ओघात तिला कळले होतेच. ती आम्हांस म्हणाली, "काका, तुम्हीच सांगा, नसण्यापेक्षा जवळ असलेले बरे की नाही?"

प्रश्न आईचा होता, म्हणून तो थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. त्याचे उत्तर मात्र होडीतल्या दोन वाक्यांत मावणारे नाही. कारण ते त्या नळकांड्यावर अवलंबून नसून खोलीवर अवलंबून आहे. म्हणून ते येथे सविस्तर मांडतो.

आपल्या पूर्वजांनी काळ मोजण्यास श्वासापासूनच आरंभ केला, ही गोष्ट या ठिकाणी मोठी सोयीची आहे. सूर्यसिद्धान्तात व्यवहारोपयोगी कालाचे पहिले माप प्राण हे दिले आहे. सहा प्राणांचे एक पळ, साठ पळांची एक घटिका आणि साठ घटिकांचे एक अहोरात्र. गुणाकार केला असता अहोरात्रीचे २१,६०० प्राण होतात, आणि भागाकार केला असता एका मिनिटास बरोबर पंधरा येतात. स्वस्थ बसलेल्या मनुष्याचा श्वासोच्छ्वास आजही साधारण इतकाच असतो. अशा शांत श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा आत जाते. म्हणजे मिनिटास सात-साडेसात लिटर झाली. पाण्यात पोहणाऱ्या पाणबुड्यास वीस लिटरांच्या आसपास हवा लागते. भय उत्पन्न झाले की श्वास मोठा व जलद होतो, आणि हाच आकडा तिसावर अथवा त्याच्याही पलीकडे जातो. आपण तीसच धरू.

आता पिवळ्या नळकांड्याकडे वळू. या जातीची जी सिलिंडरे बाजारात अनेक वर्षांपासून आहेत, त्यांतील मोठ्याची धारणा तीन घनफूट, म्हणजे सुमारे ८५ लिटर हवेची असते. लहानाची त्याहून कमी, अठ्ठेचाळीस लिटरांच्या आसपास. पाठीवरच्या नेहमीच्या सिलिंडरात सुमारे २,२०० लिटर हवा असते, हे ताडून पाहावे. दीड लिटराचा एक श्वास धरला, तर ८५ लिटरांचे सत्तावन श्वास होतात. सत्तावन हा आकडा ऐकावयास बरा वाटतो. परंतु हे श्वास पाण्याच्या पृष्ठभागावरचे आहेत, आणि पृष्ठभागावर तर हवा फुकट मिळते!

खाली गेल्यावर काय होते ते रॉबर्ट बॉइल या इंग्लंडातील शास्त्रज्ञाने इ. स. १६६२ साली सांगून ठेवले आहे. दाब दुप्पट झाला की हवेचे आकारमान निम्मे होते. समुद्रात दर दहा मीटरांस एका वातावरणाइतका दाब वाढतो. दहा मीटरांवर तो दुप्पट, वीस मीटरांवर तिप्पट, तीस मीटरांवर चौपट. तेथे फुप्फुस भरावयास हवाही तितकीच पट लागते. यास्तव जे सत्तावन श्वास काठावर मोजले ते दहा मीटरांवर अठ्ठावीस, वीस मीटरांवर एकोणीस आणि तीस मीटरांवर अवघे चौदा उरतात. घाबरलेला मनुष्य मिनिटास वीस श्वास घेईल, तर तीस मीटरांवर ही शिदोरी पाऊण मिनिटही पुरत नाही.

कोणी म्हणेल, तेथे बसून कोण राहतो? लगेच वर यावे. हेही हिशेबात धरू. पाणबुड्याने एका मिनिटात सुमारे नऊ मीटरांहून अधिक वेगाने वर येऊ नये, असा दंडक आहे. काय बिघडले हे ध्यानात येऊन नळकांडे तोंडाशी नेईपर्यंत अर्धे मिनिट तरी जाते, तेवढा वेळ त्याच खोलीवरचा श्वास मोजला पाहिजे. मग दहा मीटरांवरून वर येण्यास एकंदर ८० लिटर हवा लागते. शिदोरी ८५ ची आहे. म्हणजे कशीबशी पुरली. अठरा मीटरांवरून येण्यास १५६ लिटर लागतात. शिदोरी अर्ध्याच वाटेची. तीस मीटरांवरून येण्यास ३१० लिटर लागतात. येथे तिला शिदोरी म्हणणेच चुकीचे होईल. आणि खोल बुडीनंतर पाच मीटरांवर तीन मिनिटे थांबण्याचा जो हितकर नियम आहे, त्यास आणखी सव्वाशे-दीडशे लिटर निराळे. लहान नळकांड्याची धारणा तर या मोठ्याच्या जवळजवळ निम्मीच आहे, हेही येथे लक्षात ठेवावे.

या विवेचनावरून नळकांडे निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. त्याची बाजू मांडणारे जे म्हणतात त्यात तथ्य आहे. सोबत्याची चुकामूक झाली असता, किंवा तोंडातील तोटी बिघडली असता, चार श्वास हाती असणे आणि एकही नसणे यांत मोठा भेद आहे. त्या चार श्वासांत चित्त ठिकाणावर येते. वर येताना दाब उतरत असल्यामुळे प्रत्येक श्वास अधिकाधिक स्वस्त पडत जातो. आणि शेवटचे अंतर श्वास सोडीत सोडीत कापता येते. उथळ पाण्यात नावेचा तळ खरवडणाऱ्या शिक्षित मनुष्यास ते उपयोगी पडेल, हे उघड आहे. मात्र शिक्षित हा शब्द येथे फार महत्त्वाचा आहे.

अशा नळकांड्याचे खरे क्षेत्र कोणते, हे पाहावयाचे तर हेलिकॉप्टराकडे पाहावे. त्याचे यंत्र डोक्यावर असल्यामुळे ते समुद्रात पडले की बहुधा उलटे होते, आणि आतील माणसे पट्ट्यांनी बांधलेली, डोके खाली, अंधारात, अशी पाण्यात सापडतात. खोली थोड्याच मीटरांची. गरज पट्टा सोडवून खिडकी गाठण्यापुरती, म्हणजे मिनिटभराची. तेथे थोडे श्वास म्हणजे अक्षरशः जीव. ऑगस्ट २०१३ मध्ये स्कॉटलंडच्या उत्तरेस शेटलंड बेटांजवळ तेलविहिरींवरील कामगारांस घेऊन येणारे एक हेलिकॉप्टर समुद्रात पडले आणि अठरांपैकी चौघे मृत्यू पावले. त्यानंतर इ. स. २०१४ साली ब्रिटनच्या नागरी विमानवाहतूक प्राधिकरणाने अशा प्रवाशांपाशी पाण्याखालीही झटकन वापरता येईल असे श्वसनसाधन असलेच पाहिजे, असे ठरविले. संकट लहान मापाचे, म्हणून साधनही लहान मापाचे. येथे दोहोंचा मेळ बसतो. पाणबुड्याचे संकट त्याच्या खोलीप्रमाणे वाढत जाते, आणि नळकांडे मात्र आहे तेवढेच राहते.

मग पाणबुड्यांनी इतकी वर्षे काय केले? झाक-इव्ह कुस्तो व एमिल गान्यां या फ्रेंच जोडीने इ. स. १९४३ साली मागणीप्रमाणे हवा देणारी तोटी सिद्ध केली, तेव्हापासून हा प्रश्न त्यांच्यापुढे आहेच. जुन्या काळच्या सिलिंडरास एक गज असे. हवा संपत आली की श्वास जड होई. मग गज ओढावा, म्हणजे राखून ठेवलेला शेवटचा हिस्सा मोकळा होई. गज आधीच चुकून ओढला गेलेला असला तर मात्र राखीव हवा नकळत खर्चून जाई. पुढे दाबमापक आला, आणि किती उरले हे पाण्यातच डोळ्यांनी दिसू लागले. त्यानंतर प्रत्येकाच्या सिलिंडरास दुसरी जास्तीची तोटी लावण्याची चाल पडली. ती आपल्यासाठी नव्हे, सोबत्यासाठी. पाण्यात दोघांनी मिळून उतरावे, दाबमापक वारंवार पाहावा, आणि एकाची हवा संपलीच तर दुसऱ्याने आपली जास्तीची तोटी त्यास द्यावी. सोबत्याच्या पाठीवर त्या वेळी शेकडो लिटर हवा असते. कोणत्याही नळकांड्यापेक्षा हे भांडार मोठे आहे. अट एवढीच, की सोबती हाताच्या अंतरावर असला पाहिजे. मालवणचा पाणबुड्या "मी संगती आहे" म्हणाला, त्यात पाऊणशे वर्षांच्या या अनुभवाचे सार आले.

ज्यांस एकट्याने अथवा खोल जावयाचे असते ते तेरा, एकोणीस किंवा तीस घनफुटांचे दुय्यम सिलिंडर मुख्य सिलिंडराच्या बाजूस बांधतात. त्यास पाणबुड्यांच्या बोलीत पोनी, म्हणजे तट्टू, असे म्हणतात. तेरा घनफुटांचे म्हणजे सुमारे ३६८ लिटर, आणि एकोणीसाचे सुमारे ५३८. वरील हिशेबाशी ताडून पाहिल्यास पहिले तीस मीटरांवरून मनुष्यास वर आणते, आणि दुसरे वाटेतील तीन मिनिटांच्या थांब्यासह वर आणते. ते वजनाने जड, वागविण्यास अडचणीचे आणि किमतीने अधिक असते खरे, परंतु जेथे न्यावयाचे तेथपर्यंत ते नेते.

अशी खोली आपल्या समुद्रात दूर नाही. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरांवर समुद्राच्या पोटात प्रवाळांचे एक विस्तीर्ण पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून त्यास आंग्रिया बँक म्हणतात. त्याचा माथाच पाण्याखाली सुमारे वीस मीटरांवर आहे. किनारा दृष्टीआड, आणि तळाचा आरंभच तेथून, जेथे आमच्या पिवळ्या नळकांड्याचे सत्तावन श्वास एकोणीस होऊन बसतात. मालवणच्या किल्ल्यापाशी जे साधन काठोकाठ पुरेल, ते आंग्रियाच्या माथ्यावरच अपुरे पडेल. एकाच समुद्रात, एकाच साधनाविषयी, दोन ठिकाणची दोन उत्तरे आहेत, आणि दोन्ही खरी आहेत.

एक धोका मात्र कोणत्याही खोलीवर सारखाच आहे, आणि आमच्या गृहस्थ वाचकांनी तो विशेष ध्यानात ठेवावा. ही नळकांडी व त्यांच्या नकला आता कोणासही, कसलेही शिक्षण न घेता, घरबसल्या विकत मिळतात. काहींबरोबर हवा भरण्याचा हातपंपही येतो. मुले ती घेऊन तलावात उतरतात. पाण्याखाली दाबाची हवा छातीत भरून घेतलेला मनुष्य घाबरून श्वास कोंडून वर आला, तर ती हवा वाटेत फुगते. दहा मीटरांवर भरलेली छाती वर येईतो दुप्पट हवा मागू लागते. आणि फुप्फुस काही दुप्पट होत नाही. ते फाटून हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि मेंदूपर्यंत जाऊन प्राणघातक ठरतात. यासाठी खोल समुद्रच लागतो असे नाही; पोहण्याच्या तलावात एक-सव्वा मीटर पाण्यातही हा अपघात होऊ शकतो. जो मुलगा नुसता श्वास रोखून बुडी मारतो त्यास हे भय नसते, कारण त्याने हवा वरूनच नेलेली असते. नळकांड्यातून एक श्वास घेताच त्यास ते उत्पन्न होते. जे साधन संकटातून सोडविण्यासाठी घेतले तेच अशा रीतीने संकट होऊन बसते. शिवाय जी हवा फुप्फुसात जावयाची ती तेल, ओलावा व धूर यांपासून शुद्ध असावी लागते. आणि खाऱ्या पाण्यात वापरून वर्षभर कपाटात पडलेल्या सिलिंडराची तपासणी झाल्याखेरीज त्यावर विसंबणे योग्य नव्हे.

आपल्या धर्मशास्त्रकारांनी आपद्धर्म निराळा सांगितला आहे. संकटात जे चालते ते नित्याच्या आचरणाची जागा घेऊ शकत नाही, आणि आपद्धर्माच्या भरवशावर नित्यधर्म सोडणाऱ्याची ते निंदाच करतात. लहान नळकांड्याचे स्थान तेच आहे. शिकलेल्या, दाबमापक पाहणाऱ्या, सोबती न सोडणाऱ्या पाणबुड्याने उथळ पाण्यात ते जवळ बाळगले तर हरकत नाही. जवळ ते आहे म्हणून जो अधिक खोल जाईल, सोबत्यास सोडील, अथवा शिकण्याचा कंटाळा करील, त्याने ते न घेतलेलेच बरे.

तेव्हा ज्यांची मुले, सुना, नातवंडे सुट्टीत तारकर्ली-मालवणास जावयाची असतील त्यांनी नळकांडे खरेदी करण्याऐवजी होडीवर चढण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्या. बरोबर उतरणारा पाणबुड्या शिक्षित व प्रमाणपत्रधारक आहे काय? तो एका वेळी किती जणांस सांभाळतो? आणि किती खोल नेणार? तिन्ही उत्तरे समाधानकारक असली तर खुशाल उतरू द्यावे. उतरणाऱ्यास मात्र एवढे बजावून ठेवावे, की पाण्याखाली काहीही झाले तरी श्वास कोंडावयाचा नाही. घेत राहावयाचा आणि सोडीत राहावयाचा. आणि दमा किंवा छातीचा दुसरा काही विकार असेल, तर आधी डॉक्टरांस विचारल्यावाचून पाण्यात पाऊल टाकू नये.